बटणांच्या डब्यातली लाल काच

माझ्या दुकानात बटणांचे चौदा डबे आहेत. त्यातल्या तेराव्या डब्यात, कोटाच्या मोठ्या तपकिरी बटणांखाली, एक लाल काच अकरा वर्षं पडून होती. गोल, पितळी कडीत बसवलेली. एखादं गिऱ्हाईक डबा चाळता चाळता ती उचलायचं आणि विचारायचं, "मास्तर, हे काय?" मी म्हणायचो, "बायकोची वस्तू आहे, ठेवा खाली." मी शिंपी माणूस, दिवसभर तोंड आणि मशीन दोन्ही चालू असतात, पण त्या काचेचा विषय निघाला की मी मुकाट टाके घालायला लागायचो.

बायको माझी इमारत खात्यात फोटोग्राफर. लग्नबिग्नाचे फोटो नव्हेत हो, भेगांचे! सरकारी इमारतीत कुठं भेग पडली, कुठं ओल आली, कुठला खांब कलला, की हिला पाठवायचे. ही भेगेशेजारी फूटपट्टी धरायची आणि फोटो काढायची. तो फोटो इंजिनिअरच्या टेबलावर जायचा आणि तो बघून इंजिनिअर ठरवायचा, इमारत धड आहे की नाही. खात्यात सगळं काळंपांढरंच चालायचं. लोक तिला सावलीबाई म्हणायचे, कारण कुठल्याही इमारतीपुढं गेली की पहिला प्रश्न हाच, "इथं सावली किती वाजता येते?" चौकीदार बिचारे डोकं खाजवायचे. वीस-वीस वर्षं दारात बसून त्यांना हे कुणी विचारलेलं नसायचं.

पण भेगा हे तिचं पोट. जीव दुसरीकडं. सुट्टी आली की मोठा लाकडी कॅमेरा आणि तिपाई खांद्यावर टाकून ही निघाली. कधी टेकडी, कधी पूल, कधी गोदामाचं छप्पर. माणसं नकोत, नुसते दगड, भिंती आणि आकाश. डोक्यावर घ्यायचं काळं कापड मी शिवून दिलेलं, दुहेरी, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला शिशाचे तुकडे घातलेले. एकदा तिनं मलाही त्या कापडाखाली घेतलं. आतल्या काचेवर सगळं उलटं, छप्पर खाली आणि जमीन वर. मी म्हणालो, "अगं, गोदाम पालथं झालंय!" ती म्हणाली, "म्हणूनच बघा. सुलटं असलं की आपण गोदाम बघतो, पालथं झालं की उजेड बघतो." मी मान डोलावली. कळलं काही नाही. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, मान डोलावायचे दिवस होते ते.

आता ती लाल काच. रंग नसलेल्या फोटोला रंगीत काच कशाला, हे मीही विचारलं होतं. तिनं सांगितलं, कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं लाल काच लावली की निळं आकाश फोटोत काळंभोर येतं आणि ढग त्यावर पिंजलेल्या कापसासारखे उठून बसतात. साधी सकाळ असते, पण फोटोत वाटतं, आता काहीतरी होणार. "मात्र एक आहे," ती म्हणाली होती, "ही काच निळ्याला काळं करते आणि तांबड्याला पांढरं." तेव्हा मी हे दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

आमच्या चौकात सार्वजनिक वाचनालय होतं. दुमजली, पूर्वेला तोंड, समोर लांबलचक बाल्कनी. वार्षिक तपासणीसाठी हिला त्या दर्शनी भिंतीचा फोटो काढायचा होता. सकाळ स्वच्छ, मागं निळं आकाश, त्यात पांढरे ढग. हिनं आधी स्वतःसाठी लाल काच लावून एक फोटो काढला. मग खात्यासाठी दुसरा काढायचा, तर ती काच तशीच राहिली.

राहिली कसली! मी नंतर म्हणालो, "विसरलीस, होतं असं माणसाकडून." तर माझ्याकडं बघून म्हणाली, "विसरले असते तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. इतकं देखणं दिसत होतं की काच काढवेना."

बाल्कनीच्या पोटातले लोखंडी गज गंजत होते. त्याचं तांबूस पाणी खालच्या भिंतीवर ओघळून डाग पडले होते. डोळ्याला दिसणारे, चांगले हातहात लांब. लाल काचेतून ते पुसले गेले. फोटोत भिंत धुतल्यासारखी स्वच्छ आणि वर काळं आकाश. इंजिनिअरचे गुडघे दुखायचे, जागेवर जायचा त्याला कंटाळा. त्यानं फोटो बघितला, "भिंत उत्तम, दुरुस्तीची गरज नाही" असं लिहून टाकलं, आणि फोटो आवडला म्हणून चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागं टांगला. चार महिन्यांनी बाल्कनीचा मधला तुकडा खाली आला. खाली वाचनालयाचा बाइंडर उभा होता, फाटकी पुस्तकं शिवणारा. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली म्हणा ना. आहेत जागेवर, पण एकही सरळ होत नाही.

ही त्याच दिवशी तिथं गेली. भिंतीवरचे डाग मोजून आली. सात. घरी येऊन आपला फोटो भिंगाखाली धरला. एकही नाही.

चौकशी बसली. हिनं स्वतःहून उठून सांगितलं, चूक माझी, मी लाल काच लावली होती. समितीवरचे तिघे एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "बाई, काळ्यापांढऱ्या फोटोत लाल कुठून आलं?" दुसरा म्हणाला, "तुम्हाला धक्का बसलाय, दोन दिवस रजा घ्या." हिनं परत समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी! अहवालात लिहिलं, बांधकाम जुने असल्याने. संपलं. तिला शिक्षा नाही, मेमो नाही, काही नाही. त्या संध्याकाळी ती दुकानात आली आणि काच माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडं ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

त्यानंतर अकरा वर्षं तिनं स्वतःसाठी एकही फोटो काढला नाही. टेकडी नाही, पूल नाही. कामावर जायचं, फूटपट्टी धरायची, भेग काढायची, घरी यायचं. फोटो चोख असायचे आणि मुडद्यासारखे असायचे. बाइंडर कधी रस्त्यात दिसला तर ती समोरच्या फुटपाथवर जायची. मी म्हणायचो, "जाऊन एकदा सांगून टाक ना त्याला!" तर म्हणायची, "समितीला कळलं नाही, त्याला काय सांगू?" ही सबब होती, आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग एके दिवशी वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली. इमारत धोकादायक, पुढच्या सोमवारी सकाळपासून पाडकाम. ही जेवता जेवता म्हणाली, "मी रजा टाकली आठ दिवसांची. मला वाचनालयाचा फोटो काढायचाय."

"आता? अगं, आता तिथं काय उरलंय?"

"त्या इमारतीचा माझ्या हातचा एकच फोटो आहे आणि तो खोटा आहे. ती जायच्या आधी खरा काढणार. साती डाग दिसतील असा. पण भेगेसारखा मेलेला नको. तितकाच देखणा हवा, तसंच काळं आकाश हवं."

"मग लाल काच..."

"काच लावायची नाही. आकाशच काळं व्हायला हवं."

आता बघा हं काय म्हणत होती ते. वाचनालयावर ऊन पडतं सकाळी, पूर्वेकडून. म्हणजे पूर्व मोकळी हवी आणि त्याच वेळी इमारतीच्या मागं, पश्चिमेला, काळा ढग भरून यायला हवा. पुढं ऊन, मागं अंधार. तेही साडेआठ ते दहाच्या आत, कारण नंतर ऊन भिंतीवरून सरकतं. आणि हे सगळं आठ दिवसांत! मी म्हणालो, "त्यापेक्षा मी तुला काळ्या कापडाचं आकाश शिवून देतो, चार दिवसांत होईल." ती हसली नाही. मी दुकानाला सकाळची कुलपं लावली आणि तिपाई उचलली. बायको एकदा ठरवून बसली की नवऱ्यानं ओझं उचलावं, वाद घालू नये, एवढं शहाणपण मला आलंय.

चौकात कॅमेरा मांडून आम्ही बसायला लागलो. पहिल्या दिवशी आकाश निळंशार, दुसऱ्या दिवशी निळंशार. तिसऱ्या दिवशी ढग आले, पण पूर्वेलाच आले, मेले! भिंत सगळी करडी. चौथ्या दिवशी परत निळं. येणारेजाणारे थांबायचे, "काय मास्तर, शिवणकाम सोडलं का?" मी त्यांना कापडाखाली बघायला लावायचो आणि इमारत पालथी दाखवायचो, तेवढीच करमणूक. ही मात्र स्टुलावर बसून भिंतीकडं बघत राहायची. बाल्कनी मध्ये तुटलेली, दोन्ही टोकं टेकू देऊन उभी, आणि खाली ते सात तांबूस ओघळ.

चौथ्या दिवशी माझा धीर सुटला, खोटं कशाला बोलू. सकाळी निघताना मी तेराव्या डब्यातून काच काढून खिशात टाकली होती. दहा वाजायला आले तशी ती तिच्यापुढं धरली. "हे बघ, तू मागितली नाहीस, मी देतोय. लाव आणि मोकळी हो. डाग नंतर पेन्सिलीनं फोटोवर रंगव. कुणाला कळणार आहे?"

तिचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागं सरलो. "हेच!" ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी हेच झालं. कुणालाही कळलं नाही." आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला स्वतःची लाज वाटली. काच खिशातच राहिली.

पाचव्या दिवशी बाइंडर आला. डाव्या हातात चहाची किटली, काखेत तीन पेले. आता रस्ता ओलांडून पळायची सोय नव्हती, कॅमेरा मांडलेला. तो म्हणाला, "सावलीबाई ना तुम्ही? ऐकलं, आमच्या वाचनालयाचा फोटो काढताय. म्हटलं चहा तरी न्यावा." आम्हाला चहा दिला, स्वतः घेतला आणि भिंतीकडं बघत बसला.

थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागला. "मी रोज त्या बाल्कनीखाली उभा राहून विडी ओढायचो. डाग डोळ्यांसमोर होते हो. गंज आहे, एवढं कळत होतं मला. पण आत ऑफिसात त्या वर्षीचा कागद लावलेला, भिंत उत्तम. म्हटलं, साहेब लोकांना आपल्यापेक्षा कळतं. मूर्ख मी! स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर हात राहिला असता. अकरा वर्षं बायको म्हणतेय, तुमचाच बावळटपणा. खरंय तिचं."

हिनं पेला खाली ठेवला. माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "अहो, ती काच द्या."

मी म्हणालो, "मागितली तरी देऊ नका असं तूच..."

"द्या."

मी दिली. तिनं ती बाइंडरच्या डाव्या हातात ठेवली. "डोळ्याला लावा. भिंतीकडं बघा."

त्यानं काच डोळ्याला लावली. गंमत म्हणून हसत होता. मग हसू थांबलं. काच काढली, भिंत बघितली. परत लावली. परत काढली. चारपाच वेळा केलं त्यानं तसं. चौकशी समितीच्या तीन शिकलेल्या माणसांना जे दोन तास समजलं नाही, ते या माणसाला एका काचेत समजलं.

"या काचेतून काढला होता तो फोटो?" त्यानं विचारलं.

"हो. मी काढला. डाग मला दिसत होते, फोटोत येणार नाहीत हेही माहीत होतं. आकाश छान येत होतं म्हणून काच ठेवली."

बाइंडर उठला. आवाज चढवला नाही, त्यानंच जास्त लागलं. "बाई, अकरा वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या. तुम्ही इथंच राहत होता. आठ घरं सोडून. कुणावर रागवायचं, एवढं तरी कळू द्यायचं." काच स्टुलावर ठेवली, पेले गोळा केले आणि गेला.

मला वाटलं, आता ही कॅमेरा आवरणार. मी तिपाईला हात घातला तर म्हणाली, "राहू द्या. दहाला अजून वीस मिनिटं आहेत."

सहावा दिवस गेला, सातवा गेला. शेवटच्या दिवशी, रविवारी, धुकट उजेड. रात्रभर ती कूस बदलत होती. सोमवारी पहाटे मी म्हणालो, "रजा संपली, आज पाडकाम सुरू होणार, आता काय?" ती म्हणाली, "माणसं आठला येतात. ऊन साडेआठला." आणि तिपाई स्वतःच उचलून निघाली. मी मागून पळालो, चप्पल धड घालायलाही वेळ दिला नाही.

चौकात पोचलो आणि मी आकाशाकडं बघतच राहिलो. वाचनालयाच्या मागं काळाकुट्ट ढग. असा की खालची घरं दिव्याची वेळ झाल्यासारखी दिसत होती. आणि पूर्व लख्ख मोकळी! पण ऊन अजून समोरच्या घरांच्या आडच होतं, भिंतीपर्यंत यायला अर्धा तास होता, आणि मुकादम घण घेतलेली आठ माणसं घेऊन हजर. ही त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "अर्धा तास द्या."

"बाई, माझ्याकडं कागद आहे आठचा."

"मी याच खात्यात आहे, मला कागद दाखवू नका. अर्धा तास."

"तुम्ही खात्यात, मी ठेक्यावर. उशीर झाला तर माझी मान जाते. चला रे, बाल्कनीपासून सुरू करा!"

माणसं शिडी लावायला निघाली. मी मुकादमाच्या अंगावर जाणार होतो, खरंच जाणार होतो, वय साठ झालं म्हणून काय झालं! तेवढ्यात कुणीतरी माझ्या बाजूनं पुढं गेलं. बाइंडर. चालत सरळ बाल्कनीखाली गेला, तुटलेल्या भागाच्या बरोबर खाली, आणि भिंतीकडं पाठ करून उभा राहिला.

मुकादम ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा! डोक्यात पडेल!"

"एकदा पडलंय," बाइंडर म्हणाला. "आता पाडायचं असेल तर मी उभा असताना पाडा." मग हिला म्हणाला, "बाई, मी काही माफबिफ केलेलं नाही. पण डाग येणार ना फोटोत?"

"येतील."

"साती?"

"साती येतील."

"मग चालू द्या तुमचं."

मुकादमानं कपाळाला हात लावला, माणसांना खाली बसवलं आणि विडी पेटवली. आम्ही थांबलो. ढग हलत होता, माझं काळीज त्याच्याबरोबर हलत होतं. ही कापडाखाली गेली, बाहेर आली, परत गेली. साडेआठला ऊन समोरच्या घरांवरून उतरून वाचनालयाच्या गच्चीला लागलं, मग बाल्कनीला, मग खाली भिंतीवर आलं. भिंतीचा कण न् कण उठून दिसायला लागला. मागं ते काळं आकाश. आणि मध्ये तो माणूस, आपला वाकडा हात पुढं घेऊन, सात डागांच्या मधोमध.

"दोन सेकंद हलू नका," ही म्हणाली. कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं काहीच नव्हतं, मी स्वतः वाकून बघितलं. तिनं एकच फोटो काढला. मी म्हणालो, "अगं, अजून एक काढून ठेव, न जाणो!" ती म्हणाली, "नको. झाला." पाच मिनिटांत ढग पूर्वेलाही पसरला आणि मुकादमाची माणसं शिडीवर चढली.

बुधवारी दुपारी मी न्हाणीच्या खिडकीला काळं कापड ठोकून दिलं आणि तिनं आत फोटो धुतला. गुरुवारी बाइंडर दुकानात आला. हिनं माझ्या कापायच्या टेबलावरचे कपडे सरळ खाली ढकलले, एका साहेबांची पँट होती त्यात, आणि मधोमध फोटो ठेवला. तो वाकला. उजव्या हाताचं एक वाकडं बोट त्यानं पहिल्या डागावर टेकवलं, मग दुसऱ्यावर. एकेका डागावर थांबत गेला. ही त्याच्या बोटाबरोबर मोजत होती. मीही.

"सात," तो म्हणाला.

मग फोटोच्या वरच्या भागावर बोट नेलं आणि जरा संशयानं विचारलं, "आकाश पण तसंच काळं आलंय की?"

"ते खरंच काळं होतं," ही म्हणाली आणि तिचं रडू फुटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी हाताला आलं ते काळं कापड पुढं केलं.

बाइंडरनं घाईघाईनं डाव्या हातानं फोटो उचलून स्वतःकडं ओढला. "अहो मास्तर, त्यांना जरा बाजूला बसवा," तो म्हणाला. "माझा फोटो भिजेल."